खालच्या आळीतली कावीळ: एका गावातल्या साथीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाबद्दल

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात काविळीची साथ आली. रोग हेपटायटिस ई या विषाणूचा होता आणि तो नळाच्या पाण्यातून पसरला. मी त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागातून मदतीला गेलेल्या पथकात होते. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत, गावातले आकडे गोलात ठेवले आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

अशा साथी महाराष्ट्राला नव्या नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत याच विषाणूनं मोठी साथ आली होती. तरीही हे छोटं प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण आज डोळे पिवळे झालेला माणूस महिना-दीड महिन्यापूर्वी प्यायलेल्या पाण्यामुळे आजारी असतो, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की नाही यावर इथले जवळपास सगळे निर्णय बरोबर किंवा चूक ठरले.

पार्श्वभूमी

गाव साडेतीन हजार वस्तीचं. नदीकाठच्या विहिरीतून पाणी उपसून उंच टाकीत चढवायचं आणि तिथून उताराने गावात सोडायचं, अशी जुनी नळयोजना. पाणी एक दिवसाआड, तासभर. वरच्या आळीला एक व्हॉल्व्ह, खालच्या आळीला दुसरा. खालच्या आळीची पाइप गटाराला लागून गेलेली आणि दोन ठिकाणी मोरीखालून, म्हणजे रस्त्याच्या छोट्या पुलाखालून, गटार ओलांडणारी. गाव हागणदारीमुक्त झालेलं, घरोघरी शौचालयं होती. पण खालच्या आळीत शोषखड्ड्याला जागा नाही, त्यामुळे बऱ्याच शौचालयांच्या टाक्यांचं वाहतं पाणी थेट गटारात सोडलेलं होतं.

पाणी कमी दाबानं यायचं, म्हणून जवळजवळ प्रत्येक घरानं नळाला मोटर लावलेली. मोटरशिवाय हंडा भरत नाही आणि शेजाऱ्यानं लावल्यावर आपल्याला लावावीच लागते, ही अनेक गावांतली रोजची ओढाताण इथेही होती. या मोटरींचा साथीशी काय संबंध होता ते पुढे येईलच.

कागदावर गाव चांगलं होतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतींना धोक्यानुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. या गावाकडे हिरवं कार्ड होतं. टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, रोज टाकल्याची नोंद होती आणि वहीत ओटी चाचणी रोज पॉझिटिव्ह, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे असं, लिहिलेलं होतं.

जूनच्या मध्यावर गटाराचं काँक्रिटीकरण सुरू झालं. जेसीबीच्या दातानं खालच्या आळीची पाइप मोरीपाशी फुटली. ठेकेदाराच्या माणसांनी तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली, तारेनं आवळली आणि माती लोटली. चार दिवसांनी पहिला मोठा पाऊस झाला. पाइप फुटल्याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही.

साथ कशी उघडकीला आली

जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खालच्या आळीतल्या आशाताईंना लसीकरणाच्या दिवशी दोन तरुण दिसले. दोघांचेही डोळे पिवळे, दोघंही वेगवेगळ्या घरांतले. विचारल्यावर कळलं की आणखी तिघं-चौघं 'पित्तानं' झोपून आहेत. हेपटायटिस ईचे सुरुवातीचे काही दिवस असेच असतात: ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं. पिवळेपणा नंतर दिसतो, आणि तोवर माणूस पित्ताच्या गोळ्या आणि सलाईन घेऊन मोकळा झालेला असतो.

रोग सर्वेक्षणाच्या नियमानुसार एका गावात वेगवेगळ्या घरांत काविळीचे दोनाहून जास्त रुग्ण दिसले, की तो इशारा समजून चौकशी सुरू करायची असते. आशाताईंनी त्याच संध्याकाळी आरोग्य सेवकाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी गावात होते. यात एक दिवसही वाया गेला नाही.

वाया गेले ते त्याआधीचे दहा-बारा दिवस. बाजारच्या गावातल्या दोन खासगी दवाखान्यांत जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून या गावचे काविळीचे पेशंट येत होते. एका लॅबमध्ये बिलिरुबिनच्या, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याच्या, तपासण्या एकदम वाढल्या होत्या. त्यांच्यापैकी कुणी लपवाछपवी केली नव्हती. प्रत्येकाला आपापले चार पेशंट दिसत होते. सगळे एकाच आळीतले आहेत हे पाहणारं कुणी नव्हतं.

पहिला निर्णय: जेवण की पाणी

गावाचा निष्कर्ष पक्का होता: आषाढी बारशीला देवळात झालेला महाप्रसाद बाधला. आजारी पडलेले जवळपास सगळे त्या पंगतीत जेवले होते. आचारी परगावचा होता, त्यामुळे दोष देणंही सोपं होतं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, जे आजारी नाहीत त्यांच्यातले किती जण पंगतीत जेवले? उत्तर आलं, गावातले जवळजवळ सगळेच. म्हणजे जेवल्यानं काही सिद्ध होत नव्हतं. दुसरा, पहिला रुग्ण कधी आजारी पडला? पंगत उठून आठ दिवस व्हायच्या आतच. हेपटायटिस ईचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे लागतात, बहुतेकांना पाच-सहा आठवडे. आठ दिवसांत कावीळ होत नाही. पहिल्या रुग्णांना लागण झाली तेव्हा पंगत व्हायचीच होती.

त्या क्षणी विषाणू कोणता हे अजून ठरलं नव्हतं. रक्ताचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, निघाले होते. पण हेपटायटिस ए हा पाण्यातूनच पसरणारा काविळीचा दुसरा विषाणू धरला तरी साधारण दोन आठवड्यांच्या आत लक्षणं येत नाहीत. शिवाय आजारी पडलेले बहुतेक पंधरा ते चाळीस वयाचे होते, लहान मुलं फारशी नव्हती. हा तोंडवळा आपल्याकडे ईचा असतो. अहवालाची वाट न पाहता त्यांनी पाण्याचा माग काढायला सुरुवात केली, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय मी त्यालाच मानते. एनआयव्हीचा अहवाल आला तेव्हा निम्मं काम होऊन गेलं होतं.

साथीत लोकांना समारंभ आठवतो. तो दिवस लक्षात असतो, जेवणाची चव लक्षात असते. रोजचं पाणी कुणाला आठवत नाही. म्हणून 'काय खाल्लं होतं' एवढाच प्रश्न विचारला, तर उत्तर ठरलेलं असतं.

ग्रामपंचायतीत पाइपलाइनचा नकाशा नव्हता. वॉलमननं, म्हणजे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसानं, पाठकोऱ्या कागदावर बॉलपेननं काढून दिला: टाकी, दोन व्हॉल्व्ह, कोणत्या बोळात पाइप कुठे वळते, शेवटचं घर कोणतं. आशाताईंनी घरोघर फिरून केलेल्या यादीवरून त्यावर लाल ठिपके दिले. चारातले तीन ठिपके खालच्या आळीत पडले, आणि तेही मोरीच्या पुढच्या घरांत जास्त. मोरीच्या अलीकडे, त्याच बोळात, तुरळक. दाट ठिपक्यांच्या मधोमध चार बिनठिपक्यांची घरं होती. त्यांची स्वतःची बोअर होती आणि त्यांनी नळ घेतलेलाच नव्हता. त्यांच्यातली मोठी माणसं बारशीला पंगतीत जेवली होती.

खड्ड्यात काय दिसलं

मोरीपाशी खणायला लावलं. फूट-दीड फुटावर काळ्या पाण्यानं भरलेला खड्डा लागला. पाणी उपसलं की पुन्हा भरायचं, कारण बाजूचं गटार झिरपत होतं. मग वॉलमनला खालच्या आळीचा व्हॉल्व्ह सोडायला सांगितला. पाणी सुरू झालं तसे खड्ड्यात बुडबुडे उठू लागले. पाइपमधलं पाणी फटीतून बाहेर येत होतं. तासाभरानं व्हॉल्व्ह बंद केला. बुडबुडे थांबले. पुढच्या काही घरांच्या मोटरी अजून चालू होत्या, पाइपमधलं उरलंसुरलं ओढत होत्या. आणि खड्ड्यातलं काळं पाणी हळूहळू खाली जाऊ लागलं.

सरपंच खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. 'डॉक्टर, हे आपण पितोय?' एवढंच ते म्हणाले.

अखंड पाणीपुरवठा असेल, तर पाइपमध्ये सतत दाब असतो आणि गळतीतून पाणी बाहेरच जातं. एक दिवसाआड पुरवठ्यात पाणी बंद झालं की दाब संपतो आणि त्याच फटीतून बाहेरचं आत येतं. मोटर लावली, तर ते खेचलंच जातं. पुढच्या पाळीला नळाला पहिल्यांदा येतं ते हेच पाणी. खालच्या आळीतल्या बायका सांगत होत्या की महिनाभर पहिले दोन हंडे गढूळ यायचे आणि त्या ते ओतून देत होत्या. तिसरा हंडा स्वच्छ दिसायचा म्हणून तो प्यायला भरायच्या.

दुसरा निर्णय: नळ बंद करायचे का

पर्याय तीन होते आणि त्यावर ग्रामपंचायतीच्या खोलीत दुपारभर वाद झाला.

सगळ्या गावाचा नळ बंद करून टँकर लावावेत, असं तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांचं मत होतं. कागदावर हा सगळ्यात सुरक्षित उपाय. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा त्याला विरोध होता. टँकर दिवसातून किती खेपा करणार? पाणी पुरलं नाही तर बायका जुन्या आडावर आणि ओढ्यावर जाणार, आणि पावसाळ्यात ते पाणी नळापेक्षाही वाईट. टँकर कुठे भरला जातो, त्यात टीसीएल कोण टाकतं, हा आणखी वेगळा प्रश्न.

नळ चालू ठेवून टीसीएल दुप्पट करावी, असं पंचायतीचं म्हणणं होतं. स्वस्त आणि लगेच होणारा उपाय. पण फुटलेली जागा टाकीच्या पुढे होती. टाकीत कितीही क्लोरीन टाकलं, तरी मोरीपाशी आत येणाऱ्या मैल्यात ते संपून जाणार. गढूळ पाण्यात क्लोरीन आधी घाणीवरच खर्ची पडतं.

शेवटी मधला मार्ग ठरला. फक्त खालचा व्हॉल्व्ह बंद, तिथे टँकर. प्रत्येक टँकर गावात शिरताना आरोग्य सेवकानं ओटी करायची आणि रंग आला नाही तर परत पाठवायचा. वरच्या आळीचा नळ वाढीव क्लोरीनसह चालू. दोन्हीकडे प्यायचं पाणी खळखळून उकळायचं, ज्यांना सरपणाची अडचण त्यांना मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाच्या बाटल्या. पाइपचा तो तुकडा चार दिवसांत बदलायचा, नवा तुकडा गटाराच्या वरून न्यायचा, मग पूर्ण लाइनीत जास्त क्लोरीनचं पाणी रात्रभर कोंडून सकाळी सोडून द्यायचं आणि नंतरच पुरवठा सुरू करायचा.

हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. मात्र खालच्या आळीला आपल्याला वाळीत टाकलं असं वाटलं, ही त्याची किंमत होती. वरच्या आळीतल्या दोन घरांनी खालच्या आळीतल्या मुलांना अंगणात येऊ देणं बंद केलं. हेपटायटिस ई माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, हे आधीच ठासून सांगायला हवं होतं. ते दोन दिवस उशिरा सांगितलं गेलं.

'पाणी पिण्यास योग्य' हा अहवाल

पाचव्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला: नमुना पिण्यास योग्य. गावात आनंद झाला आणि उकळण्याची गरज नाही अशी चर्चा सुरू झाली. पंचायतीतल्या काहींना तर वाटू लागलं की पाइप उगाच खणली.

अहवाल खोटा नव्हता. तो कशाबद्दल होता हे पाहायला हवं होतं. नमुना टाकीजवळच्या नळाचा होता, आणि टाकीत भरपूर टीसीएल टाकल्यानंतर घेतलेला होता. बिघाड होता तिथलं पाणी त्यात नव्हतंच. दुसरं म्हणजे, ही चाचणी जिवाणू शोधते. जिवाणू क्लोरीनला लवकर बळी पडतात. विषाणूंना जास्त क्लोरीन आणि जास्त वेळ लागतो. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एरवी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन पुरतं, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ते किमान ०.५ असावं लागतं.

याचा सगळ्यात मोठा धडा दिल्लीनं १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिलेला आहे. नजफगढ नाल्याचं मैलापाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आलं. तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवलं. टायफॉइड आणि हगवण वाढली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती हेपटायटिस ईची साथ होती हे कित्येक वर्षांनी कळलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत सांगितली आणि अहवाल आला तरी उकळणं चालू ठेवायला लावलं.

रोज पॉझिटिव्ह लिहिलेल्या ओटीचं कोडंही इथेच सुटलं. आमच्यासमोर जलसुरक्षकानं, म्हणजे पाण्यात पावडर टाकून रोज चाचणी करणाऱ्या पंचायतीच्या माणसानं, पंचायतीशेजारच्या नळावर चाचणी केली: नळीत पाणी, औषधाचे थेंब, लगेच पिवळा रंग. तीच नळी आणि तेच थेंब घेऊन आम्ही खालच्या आळीच्या शेवटच्या घरी गेलो. पाणी जसंच्या तसं राहिलं. तो माणूस खोटं लिहीत नव्हता. जिथे चाचणी करायला शिकवलं होतं तिथेच तो रोज इमानानं करत होता. टीसीएलचं पोतंही पंपघरात ओल्या भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवलेलं होतं. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं आणि मग हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरतात. दमट जागी उघडी राहिलेली पावडर दिवसेंदिवस निकामी होते, मग मोजून टाकूनही उपयोग नाही.

तिसरा निर्णय: लोकांना किती सांगायचं

पाइप बदलली त्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना ग्रामसभेत बोलायचं होतं. 'आता साथ आटोक्यात आली' असं सांगावं, लोकांना धीर द्यावा, असा वरून सूर होता. त्यांनी तसं सांगितलं नाही. ते म्हणाले, 'पाइप आज नीट झाली. पण ज्यांच्या पोटात घाण पाणी आधीच गेलंय त्यांना कावीळ अजून व्हायची आहे. आजपासून पाच-सहा आठवडे नवीन पेशंट निघत राहतील. आकडा वाढला तर घाबरू नका. गणपतीनंतरही वाढत राहिला, तर मात्र मला पकडा.'

सभेत गडबड झाली. एका ज्येष्ठ अधिकाऱ्यानं नंतर त्यांना सुनावलं की अशानं घबराट होते. झालं उलटच. पुढच्या दोन आठवड्यांत रुग्णांचा आकडा दुपटीच्या आसपास गेला आणि गाव शांत राहिलं, कारण हे होणार असं आधी कळलेलं होतं. पाणी उकळणं टिकलं. आशाताई दारात आल्या की लोक आपणहून सांगायचे, 'ताई, आमच्या धाकट्याला कालपासून जेवण जात नाही.' उशिरा लक्षणं दिसणाऱ्या कुठल्याही साथीत हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, असं माझं ठाम मत आहे. उपाय केल्यावरही रुग्ण वाढताना दिसले आणि आधी कुणी सांगितलेलं नसलं, की लोकांचा उपायावरचाच विश्वास उडतो.

शेजारच्या गावात गुरुवारी आणि रविवारी काविळीचं औषध देणारे एक आजोबा होते. चुन्याच्या निवळीत हात धुवून पिवळं पाणी काढायचे आणि एक पाल्याचा रस प्यायला द्यायचे. त्यांच्यावर कारवाईची मागणी झाली. वैद्यकीय अधिकारी त्याऐवजी त्यांना जाऊन भेटले. 'आजोबा, हात धुवा, पण पोटात काही देऊ नका, लिव्हर आधीच दमलेलं असतं. आणि पेशंट झोपाळू वाटला, असंबद्ध बोलायला लागला, की माझ्याकडं पाठवा.' त्यांनी दोघांना पाठवलं. हेपटायटिस ईवर खास औषध नाही. बहुतेक लोक विश्रांती आणि साध्या जेवणावर आपोआप बरे होतात, आणि त्याचं श्रेय शेवटी ज्यानं औषध दिलं त्याला जातं. भांडण केलं असतं, तर लोक आजोबांकडे लपून गेले असते.

गरोदर बायका, आणि यादीत नसलेली एक

हेपटायटिस ई बाकीच्यांना झोपवतो, पण गरोदर स्त्रीच्या जिवावर येतो. शेवटच्या तीन महिन्यांत लागण झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी गावातल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी निघाली. एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकेच्या, रजिस्टरवरून नावं घेतली. प्रत्येकीच्या घरी दोन दिवसांआड भेट, उकळलेलं पाणी समोर बघून यायचं, डोळे आणि लघवीचा रंग विचारायचा, उलट्या असल्या तर 'दिवस आहेत म्हणून' समजून सोडायचं नाही. जिल्हा रुग्णालयाला आधीच कळवून ठेवलं. ही व्यवस्था चोख होती. यादीतल्या दोघींना कावीळ झाली, दोघी वेळेत दाखल झाल्या आणि सुखरूप घरी आल्या.

तिसरी यादीत नव्हती. ती खालच्या आळीची लेक. पहिलंच बाळंतपण, म्हणून डोहाळजेवण उरकून जूनमध्ये माहेरी आलेली. नोंद सासरच्या उपकेंद्रात, दुसऱ्या तालुक्यात. रजिस्टर बघून काढलेल्या यादीत तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. आठवा सरत आलेला. घरच्यांना वाटलं पित्त झालं असेल. तीन दिवसांनी ती दिवसाही झोपून राहू लागली आणि हाक मारली तर उशिरानं ओ देऊ लागली. आशाताई शेजारच्या घरी रुग्ण बघायला गेल्या असताना तिच्या आईनं त्यांना बोलावलं. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि तिथूनच १०८ ला फोन केला.

ती वाचली. अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून घरी आली. बाळ गेलं.

यादीत नाव असतं तर आजार टळला असता असं म्हणता येत नाही. साथ उघडकीला येण्याआधीच तिला लागण झालेली असणार, तारखाच तसं सांगतात. पण पहिल्या उलटीच्या दिवशी कुणी तिच्या घरी गेलं असतं आणि ती तीन-चार दिवस आधी रुग्णालयात पोचली असती. बाळासाठी तेवढं पुरलं असतं का, हा प्रश्न तिच्या आईनं आम्हाला विचारला होता.

शेवट काय झाला

अंदाज केला होता तसंच घडलं. पाइप बदलल्यानंतर दोन-तीन आठवडे रुग्ण वाढले, मग कमी होत गेले. गणपती उठले तेव्हा शेवटचे एक-दोन उरले होते. एकूण शंभराच्या आत-बाहेर रुग्ण, त्यातले बहुतेक खालच्या आळीतले. मोठ्यांपैकी कुणी दगावलं नाही. रुग्णांच्या सुरुवातीच्या तारखा कागदावर मांडल्या आणि सगळ्यात उंच जागेपासून पाच-सहा आठवडे मागे मोजलं, तर बोट जूनच्या उत्तरार्धावर येत होतं: जेसीबीनं पाइप फोडल्यानंतरचा आणि पहिल्या पावसानंतरचा काळ.

वरच्या आळीतल्या रुग्णांचा उलगडा बराचसा नंतर झाला. त्यातले बरेच जण खालच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीवर, चहाच्या टपरीवर किंवा भावकीत नेहमी जाणारे होते.

वेगळं काय करता आलं असतं

गरोदर बायकांची यादी रजिस्टरवरून न करता उंबऱ्यावरून करायला हवी होती. 'या घरात आज कोण गरोदर आहे, माहेरी आलेली धरून?' एवढा प्रश्न प्रत्येक दारात विचारला असता, तर तिसरी सापडली असती. आता त्या तालुक्यात साथीच्या सर्वेक्षणाच्या कागदावर हा प्रश्न छापलेला आहे. याची दुसरी बाजूही राहून गेली होती. जून-जुलैत गावात राहून परत सासरी किंवा नोकरीच्या गावी गेलेल्यांची नावं काढून तिकडच्या आरोग्य केंद्रांना कळवायला हवं होतं. तीही माणसं हेच पाणी प्यायली होती आणि आजारी पडली असती ती भलत्याच गावात, जिथे त्यांना साथीशी कुणी जोडलं नसतं.

पाण्याचा पहिला नमुना टीसीएल वाढवण्याआधी आणि शेवटच्या घरातून घ्यायला हवा होता. घाईत आधी पावडर पडली. जीव वाचवायला ती लगेच पडणं योग्यच होतं, पण नमुना घ्यायला दहा मिनिटं पुरतात. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली लागते, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतले जिवाणू मारत राहतं. तशा बाटल्या आरोग्य केंद्रात शिल्लक नव्हत्या.

बाजारच्या गावातले डॉक्टर आणि लॅब यांच्याशी बोलणं साथीनंतर झालं, ते आधीपासून असायला हवं होतं. आता आरोग्य सेवक दर सोमवारी त्या लॅबमध्ये चक्कर मारतो आणि वाढलेल्या बिलिरुबिनच्या पेशंटची फक्त गावं विचारून घेतो. फॉर्म भरून मागितले असते तर आले नसते, असं त्याचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

ओटीच्या वहीत आता दोन रकाने आहेत: टाकीजवळचा नळ आणि शेवटचं घर. शेवटचं घर दर आठवड्याला बदलतं.

मोटरींचं मात्र जमलेलं नाही. पंचायतीनं एकदा बंदीचा ठराव केला, दोन मोटरी जप्त केल्या आणि आठ दिवसांत सगळ्या परत लागल्या. पुरेशा दाबानं पाणी दिल्याशिवाय त्या निघणार नाहीत. त्यासाठी दुसरी टाकी आणि खालच्या आळीला नवी लाइन हवी. साथीनंतर वित्त आयोगाच्या निधीतून मोरीपुढचा सगळा टप्पा बदलला गेला. वरच्या आळीची पाइप अजून जुनीच आहे, तीही एका ठिकाणी गटाराखालून जाते. तिचा प्रस्ताव गेलेला आहे. तो मंजूर होईपर्यंत तिथल्या शेवटच्या घराची ओटी रोज करायची, असं ठरलं आहे.